येसूने जाळलेली करंडी

पेवठाणच्या ओढ्यावर पूल नव्हता आणि माणसं काष्टा वर खोचून पलीकडे जात, तेव्हाची ही गोष्ट. गावाचं बियाणं तेव्हा जमिनीतल्या खोल पेवांत ठेवलेलं असे आणि त्याची राखण ठकी करी. ठकी म्हणजे धामण. ती होती तोवर गावात उंदरानं पाऊल टाकलं नाही, असं म्हणतात. पोरं तिला ओलांडून जात आणि ती मान वर करून बघतही नसे.

पेवाच्या तोंडाशी ठेवलेली ठकीची करंडी येसू बुरडिणीनं विणली होती. आत एक भिंत, बाहेर एक भिंत, अशी दुहेरी वीण. पाणी भरून डोक्यावर घेतली तरी केस भिजत नसत, असं म्हणतात. सात गावचे लोक ती बघायला येत. येसू बोलायची कमी, पण करंडीजवळून जाताना तिची मान आपोआप ताठ होई.

एका वर्षी ठकी करंडी सोडून गुरांच्या दगडी डोणीत जाऊन बसली. नाक तेवढं पाण्यावर. ती बाहेर येईना, काही खाईना. पेरणी महिन्यावर आलेली आणि पेवांभोवती उंदीर फिरू लागले.

"तपाला बसलीय," गोंदाजी पाटील म्हणाले. मग गावानं डोणीत दूध ओतलं, तिच्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं. ठकी आणखीच मलूल झाली.

येसूनं डोणीत हात घातला. बोटांना काळी खसखस चिकटली आणि ती खसखस चालू लागली. नखानं चिरडली तर रक्त निघालं.

"तप कसलं डोंबलाचं! किडे पडलेत अंगावर. त्यांना बुडवायला बसलीय बिचारी."

तिनं ठकीला उचलून घरी नेलं, घंगाळातल्या कोमट पाण्यात बसवलं. डोळ्यांभोवतीचे किडे पिसाच्या टोकानं काढले. खवल्यांवरून तेलाचा हात फिरवला, तोही इतका हलका की तेल कुठे ओघळलं नाही. तीन दिवसांत ठकी लखलखीत झाली आणि आपल्या करंडीत गेली.

आठ दिवसांनी ती पुन्हा डोणीत.

येसूनं पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच झालं. पाणवठ्यावर भिकाई तेलीण म्हणाली, "बाई गं, बांबू चिरणारीनं बांबूच चिरावेत."

येसू पेवाजवळच्या ओट्यावर बसून राहिली. ठकी तर साफ होते. मग किडे येतात कुठून? तिची नजर करंडीवर गेली. तिला कळलं, पण लगेच उठवेना. मग उठली, चौकात पांढरं धोतर पसरलं, त्यावर करंडी उपडी घातली आणि थापटली. दोन भिंतींच्या मधून काळा पाऊस पडला. धोतर हलायला लागलं.

पाटील धावत आले. "धुऊन घे, येसू. जाळू नको. सात गावांत अशी करंडी नाही."

"धुतल्यानं वरचं जाईल, पाटील. आतलं राहील. आणि आतलं माझ्या हातचं आहे."

तिनं स्वतः काडी लावली. करंडी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत जळत होती आणि आत फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडत होतं, असं म्हणतात. येसू जागची हलली नाही. मग तिनं पेवाच्या तोंडाशी उकळतं पाणी ओतलं, जमीन खरवडून चुना मारला आणि नवी करंडी विणली. एकाच भिंतीची, इतकी विरळ की पलीकडून आपली बोटं दिसावीत. ठकीला शेवटचं घंगाळ झालं आणि ती नव्या करंडीत गेली.

सातव्या दिवशी ठकीनं कात टाकली. ती कात पेवापासून वेशीपर्यंत पोचली, उचलायला सात बायका लागल्या. त्याच संध्याकाळी उंदीर पिल्लं तोंडात धरून, रांगेनं ओढा पार करून गेले, असं म्हणतात.

आता पेवं बुजली. धान्य पोत्यांत असतं. तरी पेवठाणात दुहेरी विणीची करंडी कोणी करत नाही. कोठारात एक विरळ करंडी असते आणि होळीत पहिली तीच पडते. ती वर्षभराची, धडधाकट असते. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस ती हातात धरून विचारतो, "चांगली आहे की! कशाला जाळता?"

आणि सगळं गाव एका आवाजात सांगतं, "आतलं माझ्या हातचं आहे!"