जनूकाका कोळसा धुतात

एका खाडीकाठच्या गावात एक भोळे काका होते. नाव जनूकाका. सांगितलेलं ते कधी विसरत नसत. तीच तर अडचण होती.

त्यांची पुतणी शलाका कॉलेजात शिकायची. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा करायचा, त्याची पूड धातूच्या पातळ पट्ट्यांना फासायची आणि त्या पट्ट्यांची वीज साठवणारी डबी करायची, असं तिने ठरवलं होतं. डबीवर दिवा पेटला तर पुढच्या संशोधनाची जागा तिची. नाही तर दुसऱ्या कुणाची.

"एकटीने जाळपोळ नको," वडील म्हणाले. "घरातलं मोठं माणूस हाताशी हवं."

म्हणून जनूकाका.

करवंट्या पत्र्याच्या डब्यात भरून खाली जाळ केला. काकांनी मधेच झाकण काढलं. "शिजल्या का बघत होतो." सगळ्याची राख झाली.

"काका, झाकण घट्ट लावायचं! आत हवा जाता कामा नये. आलं ध्यानात?"

"आलं."

दुसऱ्या खेपेला कोळसा झकास उतरला. शलाकाने तो धुतला. "काका, हा वाळवा."

काकांनी ओला कोळसा डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं, वर धोंडा ठेवला. संध्याकाळी कोळसा होता तसाच ओला.

"हवा जाता कामा नये म्हणालीस ना?"

"ते जाळताना! वाळवताना उन्हात, उघड्यावर, पातळ पसरायचं."

"आलं ध्यानात."

कोळसा वाळला. शलाकाने तो कुटला, चाळला, मैद्यासारखी पूड केली. "काका, ही जपून ठेवा."

काकांनी ती उन्हात, उघड्यावर, पातळ पसरली. खाडीवरून वारा आला. पूड उठली ती थेट शेजारच्या सुमनकाकूंच्या वाळवणावर जाऊन बसली.

"जनूभावजी, ह्या फेण्या म्हणायच्या की शेणी?" काकू कुंपणावरून कडाडल्या.

"असू दे, मोठे आहेत ते," वडील म्हणाले. लहानांची ती चूक असते. मोठ्यांचं ते 'असू दे' असतं.

शलाकाने पुन्हा करवंट्या जाळल्या. या वेळी काकांना धुवायला बसवलं. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि हात पुसले. "कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात ना गं?"

शलाकाचं टाळकं सरकलं. "म्हणू देत! काळं पाणी निघतंय तोवर धुवायचं. चोळून! मला विचारायचं नाही, थांबायचं नाही!"

"आलं ध्यानात."

आणि डबी खरंच तयार झाली.

परीक्षक तुळपुळे सर भर दुपारी आले. साठीला टेकलेले, पण केस काळेभोर. अंगणात खुर्ची टाकली. शलाकाने तारा जोडल्या. दिवा पेटला!

सरांनी मान डोलावली. सहीसाठी कागद मांडीवर घेतला, पेन उघडलं. ऊन मी म्हणत होतं. त्यांच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ उतरला. काळा.

शलाका दिव्याकडे बघत होती. काका सरांकडे बघत होते. त्यांनी विचारलं नाही. थांबलेही नाहीत.

सर ओरडत होते. काका चोळत होते. बादल्यांवर बादल्या झाल्या, तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आलं. सहीचा कागद पन्हळीतून वाहत गेला. पांढरेशुभ्र झालेले सर पळायला लागले, तसं काकांनी त्यांना धरून उन्हात, उघड्यावर आडवं केलं. पातळ मात्र ते काही केल्या पसरेनात.

"शलू," काका हाशहुश करत म्हणाले, "धुऊन झाले, वाळत घातलेत. आता कुटायला तू घेतेस की मी घेऊ?"