ऑल्डरविचच्या घंटेचा दोर

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या डोंगरांच्या पायथ्याशी ऑल्डरविच नावाचं लहानसं खेडं आहे. तिथलं दगडी चर्च टेकाडावर उभं आहे आणि त्याच्या घंटेचा मनोरा मात्र त्याच्यापासून फटकून, खाली नदीच्या अंगाला. मधे नुसतं गवत. चर्चच्या भिंतीत बुजवलेली एक कमान दिसते, आणि बरोबर तिच्यासमोर मनोऱ्याच्या भिंतीत दुसरी. हिल्डा प्रॉबर्ट नावाच्या वृद्ध बाई या चर्चची देखभाल करतात. पाहुण्यांना त्या आधी या कमानींपाशी उभं करतात आणि मग सांगायला लागतात. आम्हाला त्यांनी सांगितलं ते असं.

पूर्वी उतारावरच्या छपरी वाटेनं चर्च आणि मनोरा जोडलेले, एकाच छपराखाली होते. त्या काळी डोंगरापलीकडून लुटारूंच्या टोळ्या यायच्या. टोळी दिसली की घंटा वाजायची, आणि शेतातली माणसं गुरं-पोरं घेऊन चर्चमध्ये शिरायची. घंटा वाजवायचं काम वॅट नावाच्या माणसाकडे होतं. त्याची बायको नेस्ट ही डोंगरापलीकडची, वेल्सची. तिची बोली वेगळी, पदार्थ वेगळे. गावानं तिला वॅटकडे पाहून चालवून घेतलं होतं, एवढंच.

एका वर्षी गवत कापणीच्या दिवसांत भरदुपारी टोळी आली. वॅटनं धावत जाऊन दोर ओढला, तर अख्खा दोर त्याच्या अंगावर येऊन पडला. वर कोणीतरी तो सुरीनं कापून ठेवला होता, जेमतेम एक पीळ शिल्लक ठेवून. वॅट ओरडत रस्त्यावर पळाला आणि तिथेच भाल्यानं मारला गेला. गुरं गेली, कोठारं जळली, माणसंही गेली. नेस्टचं घर तेवढं जळलं नाही.

वारा त्या दिवशी उलट्या दिशेनं वाहत होता, म्हणे. पण ते कोण लक्षात घेतो?

"हिचीच माणसं होती ती," गिरणीवाला हॅमो म्हणाला. "दोर हिनंच कापला."

"माझा नवरा मेलाय त्या दोरापायी," नेस्ट म्हणाली.

"नवऱ्यापेक्षा भाऊ जवळचे असतात काहींना."

लोक तिला झाडाला टांगायला निघाले होते. फादर अन्सेल्म मधे पडले. बिशपची माणसं येऊन न्याय करतील, तोवर तिला मनोऱ्यात कोंडून ठेवू, असं त्यांनी कसंबसं पटवलं. नेस्टनं एकच मागणं मागितलं. "मला नवा दोर वळू द्या. वॅटचं काम मी करीन. टोळी आली आणि घंटा वाजली नाही, तर खुशाल फासावर द्या."

फादरनी ते मान्य केलं. गावाला ते रुचलं नाही. नवा दोर घंटेला बांधून होताच, तिनं वरून कोणाला खूण करू नये म्हणून लोकांनी मनोऱ्यातली शिडी काढून नेली. दाराला बाहेरून जाड लाकडी अडसर घातला. तरी मन भरेना. अशी बाई देवाच्या छपराखाली कशी ठेवायची? मग त्यांनी चर्च आणि मनोरा यांच्यामधला भाग पाडला, दोन्ही कमानी बुजवल्या. नेस्ट खालच्या खोलीत एकटी राहिली. सोबतीला दोर, आणि नदीकडे उघडणारी हातभर रुंदीची खिडकी. मॉड, म्हणजे हॅमोची बायको, त्या खिडकीतून तिला भाकरी द्यायची. ती द्यायलाही दुसरं कोणी तयार नव्हतं.

सफरचंदं उतरवायचे दिवस आले तरी बिशपची माणसं आली नव्हती. अशात एका सकाळी घंटा घणाणली. स्वच्छ ऊन पडलं होतं. लोक झाडांवरून उतरले, रस्त्याकडे पाहू लागले. घोडा नाही, धूळ नाही, कोणी नाही. घंटा मात्र थांबेना.

"आपल्या माणसांना बोलावतेय," हॅमो म्हणाला. "नाहीतर आपण चर्चमध्ये कोंडून बसावं आणि त्यांनी घरं लुटावीत, हा डाव आहे."

विळे-कोयते घेऊन माणसं मनोऱ्याकडे गेली. खिडकीतून नेस्ट ओरडत होती, "पाणी येतंय! वर जा!"

"तुझ्या शब्दावर?"

"माझ्यावर नका ठेवू विश्वास. नदीकडे बघा!"

कोणी वळून बघेना. तिनं पाठ फिरवायला सांगितली म्हणजे त्यातही काही काळंबेरं असणार, असं प्रत्येकाला वाटलं. बघितलं ते मॉडनं. नदी गढूळ झाली होती. गवताच्या गंजी, मेलेल्या मेंढ्या, मुळासकट झाडं वाहत येत होती. रात्रभर डोंगरात पाऊस कोसळला होता आणि इथे थेंबही नव्हता. मॉडनं लेकरांना उचललं आणि नवऱ्याकडे न बघता ती टेकाड चढू लागली. तिच्या मागून आणखी एक बाई निघाली, मग सगळेच.

शेवटचा म्हातारा चर्चमध्ये शिरेपर्यंत घंटा वाजत होती. खाली घरं बुडाली, गिरणी कोसळली. पाणी मनोऱ्याच्या दारावर चढलं. घंटा एकदा वेडीवाकडी वाजली आणि गप्प झाली. अडसर काढायला कोणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मॉडनं तो ओढून काढला. पुरुष मागे उभे होते. प्रेत दिसेल असंच सर्वांनी धरलं होतं. पण पाण्याबरोबर नेस्ट वर तरंगत गेली होती, आणि दोर काखेखाली बांधून घंटेच्या तुळईला बिलगून बसली होती. शिडी आणून तिला उतरवलं. हाताची कातडी सोलून निघाली होती.

फादर रडत म्हणाले, "पोरी, आमचं चुकलं. छप्पर पुन्हा जोडून घेऊ."

"नको," ती म्हणाली. "ते तसंच राहू दे." मग तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "दोर मी कापला नव्हता, हे आता पटलं ना? मग कोणी कापला?"

हॅमोनं आजूबाजूला पाहिलं, तर लोक त्याच्याकडेच पाहत होते. आणि ते एकमेकांकडेही पाहत होते.

नेस्ट डोंगरापलीकडे परत जाईल असं वाटलं होतं. ती गेली नाही. घंटा वाजवत राहिली, पण एका अटीवर: दर खेपेला वेगळ्या घरातल्या एकानं समोर उभं राहून तिच्यासोबत दोर धरायचा. ओढताना ती त्या माणसाच्या डोळ्यांत बघायची. म्हातारी होऊन मरेपर्यंत तिनं असं गावातलं प्रत्येक घर पाहिलं. तिला काय दिसलं, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही, असं सांगतात.

आजही ऑल्डरविचची घंटा एकटा माणूस वाजवत नाही. दोन घरांतली दोन माणसं दोराच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी राहतात, आणि घंटा थांबेपर्यंत नजर खाली घालायची नाही, असा रिवाज आहे.

"पण दोर कापला कोणी?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

"इथल्या प्रत्येक घरात वेगळं नाव सांगतात," हिल्डाबाई म्हणाल्या. "आमच्या घरात सांगतात, ते घराणं अजून गावात आहे."

"कोणतं?"

त्यांनी मनोऱ्याच्या दाराकडे पाहिलं. एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ टोपी काढून आत शिरत होते.

"चला, प्रार्थनेची वेळ झाली," त्या म्हणाल्या. "आज माझ्यासमोर हे उभे राहणार आहेत."