सोमवारची पेरणी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठल्या राज्यातली ते विचारू नका, कारण आपला राजा कोण हे त्या गावालाही कधी धड ठाऊक नव्हतं. गावाला ठाऊक होती ती आपली काळी जमीन, हस्ताचा पाऊस आणि त्या पावसाच्या ओलीवर येणारा शाळू, म्हणजे हिवाळ्यातली ज्वारी.

त्या गावात शांतवन नावाचा शेतकरी राहत होता. अख्ख्या गावात ख्रिस्ती घर असं त्याचं एकट्याचंच. घरात तो आणि त्याची बायको मार्था. एक लेक होती, ती लांबच्या मुलखात दिली होती. दारात पांढऱ्या बैलांची जोडी होती.

दिवस मावळताना शांतवन बांधावर उभा राहायचा, डोक्याचं मुंडासं काढायचा आणि देवाचे आभार मानायचा. तेही मोघम नव्हे, एकेक नाव घेऊन. "प्रभू, आज विहिरीला पाणी व्हतं. बैलाचा खांदा सुजला व्हता, तो उतरला. मार्थानं कालवण झ्याक केलं." ऐकता ऐकता देवालाही हसू येत असेल.

आता त्या गावाची एक रीत होती. सोमवार हा महादेवाचा वार, आणि बैल म्हणजे त्याचा नंदी. म्हणून सोमवारी कुणीही बैल जुंपायचे नाहीत. माणसांनी खुशाल खुरपावं, बांध घालावेत, पण बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. शांतवनचा विसाव्याचा वार रविवार. त्या दिवशी तो बैल सोडायचा आणि चार कोस चालत उपासनेला जायचा. सोमवारी मात्र सगळ्या शिवारात त्याचं एकट्याचंच औत चालायचं.

गावचा पाटील हे बघून कुरकुरायचा. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या शब्दापुढे कुणाचा शब्द चालू द्यायचा नाही, एवढी एक खोड. एका सोमवारी त्यानं शांतवनला भर वाटेत, चारचौघांसमोर अडवलं.

"काय रं शांतवना, आमच्या देवाला खिजवतोस व्हय?"

"न्हाई पाटील. माझ्या बैलांनी काल विसावा घेतला, तुमचे आज घेत्यात. दोन्ही देवांनी बैलांचं बरंच केलं म्हणायचं."

पाटलाला हसू आलं, पण त्यानं ते मिशीतच दाबलं.

खरी गोष्ट पाटलाला माहीत नव्हती. सोमवारी शांतवन स्वतःच्या शेतात जातच नसे. तो मार्थाला म्हणायचा, "माझ्या देवानं मला विसाव्याचा दिवस दिला. गावाच्या देवानं हा एक मोकळा दिवस वर दिला. त्यो माझ्या एकट्याचा कसा म्हणू?" मग बैल घेऊन तो नडलेल्याच्या शेतात जायचा. त्यापायी त्याची स्वतःची पेरणी दरसाल मागे पडायची. मार्थाचा जीव वरखाली व्हायचा, पण तिनं त्याला कधी अडवलं नाही.

कोंडाबाई नावाची एक विधवा होती. तिच्याकडे बैल नव्हते. एका साली पेरणीच्या पहिल्याच सोमवारी शांतवन तिच्या शेतात पाभर घेऊन उभा राहिला. पाभर म्हणजे पेरायचं औत. त्यावर लाकडाचं वाटीसारखं चाडं असतं, त्यात मुठीनं बी सोडायचं. कोंडाबाई लांबच उभी राहिली. विधवेची मूठ चाड्यावर नको, असं लोक म्हणायचे.

शांतवननं विचारलं, "शेत कुणाचं, ताई?"

"माझं."

"मंग मूठ बी तुझीच."

त्या साली तिचा शाळू पुरुषभर उंच झाला. लोकांनी तो पाहिला आणि तोंडं मिटली.

पुढे एका साली ऐन पेरणीत पाटलाचाच पाय मोडला. मुलगे लष्करात, गडी तापानं पडलेले. पाटील खाटेवर पडून नुसता चडफडत होता. सोमवारी सकाळी त्याला समजलं की आपल्या शेतात कुणाचं तरी औत चाललं आहे. त्या साली पाऊस थांबून थांबून येत राहिला आणि ओल टिकली. चार सोमवार गेले, शेताचे चारी तुकडे पेरून झाले. शांतवननं तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि पाटलानंही नाही. पाटलाला आभार मानायचे होते, पण ज्याला चारचौघांत टोकलं त्याच्यापुढे शब्द कसा काढायचा? आज म्हणू, उद्या म्हणू, असं करता करता वर्षं निघून गेली.

मग ते साल उजाडलं. उन्हाळ्यात शांतवनचा एक बैल गेला. दुसऱ्याच्या एका बैलाबरोबर आपला बैल जोडायचा आणि दोघांचं शेत पेरायचं, अशी सावड त्यानं ठरवली. हस्त चांगला बरसला. शुक्रवारी वाफसा आला, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी, पेरणीला अगदी जोगती झाली. जो तो आपापल्या शेतात धावला; सावडीवाल्यानंही शांतवनचा बैल नेऊन आधी आपलंच रान धरलं. शांतवन तापानं फणफणला होता, आणि त्या घाईत त्याच्या रानाची आठवण कुणालाच झाली नाही.

शनिवारी दिवस कलताना त्यानं मार्थाचा हात धरला. "मार्था, देवानं समदं दिलं. तुला दिलं, लेक दिली, असं गाव दिलं. यंदाचा शाळू तेवढा ऱ्हायला. वाफसा गेला तर देवावर रुसू नगंस." एवढं बोलून त्यानं डोळे मिटले.

रविवारी चार कोसांवरून पाळक आले. गाव झाडून सारं गोळा झालं. शांतवनच्याच शेताच्या कडेला, लिंबाखाली, त्याची जागा खणली. पेटीला खांदा द्यायला इतके जण पुढे आले की पाळकांना दर वीस पावलांवर खांदेकरी बदलावे लागले. पाटील लंगडत होता, तरी त्यानं आपला खांदा शेवटपर्यंत सोडला नाही.

मूठमाती झाली. लोकांनी मान वर केली, तेव्हा समोर त्यांना शांतवनचं न पेरलेलं रान दिसलं. सगळ्या शिवारात तेवढंच राहिलं होतं. हे रान हुकलं की मार्थाच्या घरात वर्षभर दाणा नव्हता.

पाटील म्हणाला, "वैनी, आत्ता धा जोड्या आणतो. दिस मावळायच्या आत पेरून टाकू."

मार्थानं डोळे पुसले. "पाटील, ह्यांनी उभ्या जल्मात रविवारी औताला हात लावला न्हाई. आज त्यांच्या ओल्या मातीशेजारी मी कसा लावू देऊ?"

"मंग उद्या..." पाटील बोलायला गेला आणि थांबला. उद्या सोमवार होता.

"परवा पेरा," मार्था म्हणाली.

पाटलानं वाकून मूठभर माती उचलली आणि दाबली. मूठ उघडली तशी माती भुसभुशीत होऊन गळून पडली. "ह्या उन्हात परवापातुर ओल ऱ्हात न्हाई, वैनी."

विसावा मोडायचा तर मार्थाचा मोडायचा, नाहीतर नंदीचा. मग मागून कोंडाबाई पुढे आली.

"नेम बैलांचा हाय. आपल्या खांद्याला कुठला वार आडवा येतो?"

पाटलानं तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

सोमवारी उजाडताच सगळं गाव शांतवनच्या रानात हजर झालं. बैल एकही नव्हता. पाभरीला दोर बांधले आणि एकेका पाभरीला आठ आठ गडी लागले. पहिल्या पाभरीच्या दोराला पाटील होता. मार्था लांबच उभी होती. आता तीही विधवा झाली होती. कोंडाबाईनं तिला हाताला धरून चाड्यापाशी आणलं.

"शेत तुझं, मार्थाबाई. मूठ बी तुझीच."

काळ्या जमिनीतून पाभर ओढणं म्हणजे खेळ नव्हे. हातांना फोड आले, खांदे सोलले. शांतवन औत हाकताना जे भजन गुणगुणायचा ते सगळ्यांना ऐकून ऐकून पाठ झालं होतं. कुणीतरी ते सुरू केलं, आणि बाकीच्यांनी धरलं. शांतवनचा उरलेला एकटा बैल बांधावर रवंथ करत हे सगळं बघत होता. माणसं किती लवकर दमतात, याचं त्याला नवल वाटत असावं.

लिंबापाशी तास, म्हणजे पेरणीची ओळ, वळला तेव्हा पाटलानं दोर खाली ठेवला, डोक्याचं पागोटं काढलं आणि साऱ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाला, "शांतवना, त्या साली माझं रान तू पेरलंस. माझ्यावर तुझे लई उपकार हायेत. तू असताना बोललो न्हाई, माफ कर बाबा." मग डोळे पुसून त्यानं पुन्हा दोर उचलला.

दिवस मावळायच्या आत सगळं रान पेरून झालं. आठवड्याभरात शाळूचे कोंब जमिनीबाहेर आले. माणसांनी ओढलेले तास वाकडेतिकडे होते, म्हणून कोंबांच्या रांगाही वाकड्याच होत्या. पण इतकी देखणी पेरणी त्या शिवारात पुन्हा कुणी पाहिली नाही, असं गाव सांगायचं.

तेव्हापासून त्या गावात पेरणीच्या दिवसांतल्या सोमवारी बैल बांधावर उभे असतात, आणि नडलेल्याच्या रानात माणसं पाभर ओढतात. संध्याकाळी मुंडाशी काढून सगळे बांधावर उभे राहतात आणि एकेक नाव घेऊन आभार मानतात. पहिलं नाव शांतवनचं असतं.

बोध एवढाच: आपला नेम पाळताना जो दुसऱ्याची नड ओळखतो, त्याचं रान त्याच्यामागे पडीक राहत नाही.