हौसाआत्याची बारा वर्षांची गोळी

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव कोंडिबा. वय पस्तीस, अक्कल अजून वाटेत. आईबाप लवकर गेले, म्हणून हौसाआत्यानं त्याला वाढवलं. सांगितलेलं ऐकावं, एवढंच तिनं शिकवलं. तेवढं मात्र तो पक्कं शिकला.

आत्याला खाजेवर एक गोळी दिलेली होती. ती घेतली की झोपही छान लागे, म्हणून खाज गेली तरी गोळी राहिली. कोंडिबानं दुकानात रिकामं पाकीट दाखवायचं आणि भरलेलं आणायचं, असं बारा वर्षं चाललं. हल्ली आत्या दूध चुलीवर ठेवून विसरायची. एके दिवशी तिनं कोंडिबालाच विचारलं, "तू कुणाचा रं?"

 कोंडिबा तिला आणि गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाई म्हणाल्या, "अशा काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की डोक्यावर परिणाम होऊ शकतो. यापुढं मला विचारल्याशिवाय पोटात काही घालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आत्यानं भाकरी मागितली. कोंडिबा ताट झाकून तीन मैल चालत दवाखान्यात.

"बाई, भाकरी देऊ का?"

"अरे, रोजचं आहे ते द्यायचं. त्यात काय विचारायचं?"

कोंडिबा घरी आला. भाकरी रोजची होती, दिली. गोळी रोजची होती, तीही दिली.

महिन्यानं हे कळलं तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला. "रोज चाललंय म्हणून चालूच ठेवायचं नसतं. आणि वर्षानुवर्षांची सवय एकदम तोडायचीही नसते. या आठवड्यात अर्धी, पुढच्या आठवड्यात पाव, मग बंद."

घरी येतो तर शेजारच्या गंगारामाची म्हैस आत्याच्या ज्वारीत. तिची सवयही वर्षानुवर्षांची. एकदम कशी तोडणार? कोंडिबानं तिला ओढून कुंपणाबाहेर अर्धी काढली. नेमकी शेपटीकडची.

गोळी मात्र या वेळी बरोबर सुटली. दोन महिन्यांत आत्या बरीच ताळ्यावर आली. एका सकाळी तिनं म्हशीनं खाल्लेली ज्वारी पाहिली आणि कडाडली, "कोंड्या, मुडद्या, तीस वर्षं रोज तुला सोसतीय. माझं डोकं तुझ्यापायीच गेलं!"

आत्यानं नावानं हाक मारली म्हणून कोंडिबाला आनंदानं रडू आलं. मग तो विचारात पडला. तीस वर्षं. रोज. डोकं.

त्या आठवड्यात तो अर्धा दिवस घरी राहिला. पुढच्या आठवड्यात पाव दिवस. मग दिसेनासाच झाला. आत्याला घास गोड लागेना. दोन दिवस शोधून शेवटी तो तिलाच सापडला, ओढ्यापलीकडं, बाभळीखाली उपाशी बसलेला.

"घर का सोडलंस रं लेकरा?" म्हणत आत्या रडू लागली.

कोंडिबानं उपरण्यानं तिचे डोळे पुसले. "रडू नको आत्या. पहिले थोडे दिवस जड जातंय. एकदा मी सुटलो की तुला झ्याक वाटेल."