हेरंबरावांचा कुंभक

"मग माझ्या कुंभकात कमी काय आहे, अक्का?"

गोदाक्का शहाळं पीत होत्या. त्यांनी तोंडातली नळी काढली नाही.

"सांगा ना. श्वास घेणं बरोबर, सोडणं बरोबर. आणि आत कोंडून धरण्यात तर... मी काय सांगू, लोकच सांगतात."

शहाळ्यातून सुर्रर्र आवाज आला. पाणी संपलं होतं.

"कमी काही नाही, हेरंबा," अक्का म्हणाल्या. "आहे ते जास्तच आहे."

हेरंबरावांना हे कौतुक वाटलं.

गोदाक्कांचा प्राणायामाचा वर्ग कृष्णाकाठच्या एका गावी, दत्ताच्या देवळाच्या मंडपात भरत असे. अलीकडे अक्कांचे गुडघे कुरकुरू लागले होते. वर्ग कुणाच्या तरी हाती द्यायची वेळ आली होती. तो हात कुणाचा, हे बँकेतून निवृत्त झालेल्या हेरंबराव सहस्रबुद्ध्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त अक्कांच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

श्वास धरण्यात वर्गात त्यांच्या जवळपास कुणी येत नसे. गिरणीत दळणासाठी उभे असले तरी ते कुंभक लावत. "काका, लाल झालात हो," असं कुणी म्हटलं की त्यांचा दिवस चांगला जाई. वर्गातल्या बायका नाम घेता घेता श्वास घेत आणि सोडत, त्याला ते "घरगुती" म्हणत.

आणि अक्का? दर वेळी काही विचारलं की अशाच काहीतरी खायला-प्यायला लागत.

अक्कांची पंचाहत्तरी आली तेव्हा वर्गाने विचारलं होतं, "कुठे नेऊ तुम्हाला? काशी? रामेश्वर?"

"तीर्थं पुष्कळ झाली," अक्का म्हणाल्या. "सगळीकडे डोकं बुडवलं आणि लगेच वर काढलं. खाली काय असतं, ते एकदा बघू दे."

म्हणून सगळा वर्ग बोटीत आंबट लिंबं हुंगत या बेटावर येऊन पोचला होता. बेट एवढंसं. थोड्या झावळ्यांच्या खोल्या, एक लाकडी धक्का, भोवती निळं पाणी, आणि माणसांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्रात उतरवणारी शर्वरी तांडेल.

शर्वरी मूळची मालवणची. एरवी शहरी बोले. चिडली की मालवणी बाहेर येई. तिने अक्कांचा डॉक्टरी दाखला बारकाईने वाचला. मग अक्कांकडे पाहिलं. मग पुन्हा दाखला वाचला.

"आजी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे."

"वापरलेलं आहे ना, म्हणून," अक्का म्हणाल्या.

तो सोमवार होता. अक्कांचा अळणी सोमवार, जेवणात मिठाचा कण चालत नाही. बेटावरचा स्वयंपाकी मासे नाहीत, कांदा नाही, इथपर्यंत कसाबसा आला होता. मीठही नाही म्हटल्यावर तो मागच्या दाराने बाहेर जाऊन बसला.

"आणि अक्का, समुद्राचं पाणी तोंडात गेलं तर?" वर्गातल्या एकीने काळजीने विचारलं. "व्रत मोडेल की."

अक्कांनी जरा विचार केला.

"ते मीठ मी घातलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.

सगळे छातीभर पाण्यात उभे राहिले. शर्वरीने सांगितलं, "नियम एकच. खाली श्वास धरायचा नाही. घ्या, सोडा. घ्या, सोडा. काही झालं तरी थांबायचं नाही."

हेरंबराव मंद हसले.

"ते ठीक आहे. पण ज्याचा अभ्यास आहे, त्याने?"

"त्याने तर मुळीच नाही."

"अगं पोरी, मी..."

"काका, भरलेली छाती घेऊन वर येशात तर आतल्या आत फुटात. माका दवाखान्यात जाऊचा नाय."

हेरंबरावांनी मान डोलावली. नियम सर्वसामान्यांसाठी असतात, हे त्यांना बँकेत असल्यापासून माहीत होतं.

अक्का खाली गेल्या. वाळूवर गुडघे टेकून बसल्या. पाण्यात गुडघे दुखत नाहीत, हा शोध लागून त्यांचे डोळे मोठे झाले. बुडबुडे एकामागून एक वर येत राहिले, मंद आचेवरच्या दुधाला यावेत तसे.

हेरंबरावही गेले. श्वास घेतला, सोडला. तेवढ्यात समोरून एक पिवळा मासा आला आणि त्यांच्याकडे पाहत थांबला.

मासा लहान होता. पण पाहत होता.

हेरंबरावांनी छाती भरली, आणि धरली.

तेलात सोडलेली पुरी कशी टम्म फुगते आणि अलगद वर येते? तसेच ते वर आले.

शर्वरीने पाय धरून त्यांना खाली ओढलं. हाताने खूण केली... सोडा. त्यांनी सोडला. बसले. मासा अजून तिथेच होता. हेरंबरावांना वाटलं, मघाशी त्याने नीट पाहिलं नसेल.

पुन्हा पुरी.

मग शर्वरीनेच त्यांना पाण्याबाहेर काढलं. तोंडातली नळी निघताक्षणी ती ओरडली, "श्वास धरूचो नाय म्हटलंय मा, काका!"

"मी धरत नाही. तो आपोआप लागतो. ही एक अवस्था आहे."

"बरी आसा अवस्था. उद्या सगळे प्रवाळाकडे जातले. तुमी बोटीतच बसा. चपला सांभाळूक कोणतरी व्हयाच."

वर्गातल्या बायकांनी घाईघाईने मुखवटे लावले आणि तोंडं पाण्यात घातली. पाण्यावर बरेच बुडबुडे आले.

दुपारी हेरंबराव जेवले नाहीत. धक्क्याच्या टोकाला पाठमोरे बसून राहिले. गाल फुगलेले.

अक्का हळूहळू चालत आल्या. काखेत थर्मास, हातात कप.

त्यांनी शेजारी बसकण मारली आणि कप भरला.

"अक्का..." हेरंबराव म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "गावात चपलांची गोष्ट आपल्या आधी पोचेल. मग मंडपात माझ्यासमोर कोण बसणार? इतकी वर्षं पहाटे उठलो. मला दुसरं काही येत नाही हो. हेच येतं."

"चहा घे."

"नको."

"घे रे. त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून मी केलाय."

कप चटका देत होता. हेरंबरावांनी ओठ लावले, झटकन मागे घेतले. फुंकर मारली.

"अजून गरम आहे," अक्का म्हणाल्या.

ते फुंकत राहिले.

"अजून."

फुंकत राहिले...

"निवला, अक्का."

अक्कांनी कप घेतला. त्यात बोट बुडवून पाहिलं. चहा समुद्रात ओतला. थर्मासमधून दुसरा भरला. वाफ त्यांच्या चष्म्यावर चढली.

"फुंक."

हेरंबरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. अक्का क्षितिजाकडे पाहत होत्या. हेरंबराव फुंकू लागले. हळूहळू गाल उतरले. खांदे उतरले.

दुसराही कप समुद्रात गेला.

"अक्का, मी प्यायचा कधी?"

"प्यायला कुणी दिलाय?"

थर्मास रिकामा झाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अक्कांनी झाकण लावलं आणि हात पुढे केला. हेरंबरावांनी त्यांना आधार देऊन उठवलं.

"आता त्या मुलीला हाक मार," त्या म्हणाल्या.

शर्वरी कपाळाला आठ्या घालूनच आली. हेरंबराव तिच्याबरोबर पुन्हा त्याच पाण्यात उतरले. वाळूवर बसले. पिवळा मासा आला. या वेळी त्याने अगदी जवळ येऊन त्यांच्या मिशीला तोंड लावलं. बुडबुडे थांबले नाहीत. हेरंबराव खालीच राहिले.

किनाऱ्यावर आल्यावर शर्वरीने विचारलं, "काका, आता कसा काय जमला?"

"चहा निववत होतो."

शर्वरीने अक्कांकडे पाहिलं. अक्का शेंगदाणे सोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी बोटीत चपला एकट्याच राहिल्या.

खाली प्रवाळाची बाग होती. कुठे कोबीच्या गड्ड्यासारखं, कुठे जाळीदार घीवरासारखं, कुठे हळदीच्या गाठीसारखं. एवढा सगळा पसारा, आणि एकाही भांड्याचा आवाज नाही. मधे शर्वरी. तिच्या एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला हेरंबराव. तिघांचे बुडबुडे शांतपणे वर जात होते.

आणि कासव आलं.

मोठं, म्हातारं, पाठीवर शेवाळ धरलेलं. अक्का लहानपणापासून देवळाच्या उंबऱ्याशी बसलेल्या दगडी कासवाला हात लावून पुढे जात आल्या होत्या. हे कासव चालत... नाही, उडतच त्यांच्या समोरून निघालं होतं. अंगावर पंखांची सावली पडली.

अक्कांनी हात जोडले. छाती भरून आली. भरली... आणि तशीच राहिली.

त्यांचे बुडबुडे थांबले.

अक्का हात जोडलेल्या स्थितीत, डोळे विस्फारून, सरळ वर निघाल्या.

शर्वरी वळेपर्यंत हेरंबरावांनी झेप घेतली होती. त्यांच्या हाताला अक्कांचा पाय लागला. त्यांनी तो घट्ट पकडला आणि खाली ओढला. अक्का अजून कासवाकडेच पाहत होत्या. हेरंबराव त्यांच्या तोंडासमोर आले. श्वास सोडा, याची खूण काल शर्वरीने शिकवली होती. ती ऐन वेळी आठवली नाही.

त्यांनी एका हातावर बशी धरल्यासारखं केलं. ती तोंडाशी नेली. आणि फुंकू लागले.

समुद्राच्या तळाशी, पाठीवर टाकी बांधलेला मोठ्या मिशांचा माणूस बशीतला चहा निववत होता.

शर्वरीला पाण्याखालच्या सगळ्या खुणा येत. ही येत नव्हती.

अक्कांनी पाहिलं. आधी भुवया वर गेल्या. मग नळीतून बुडबुड्यांचा एकच लोट फुटला, आणि खांदे गदगदा हलू लागले. पाण्याखाली माणसाला हसता येतं, हेही त्या दिवशी सगळ्यांना कळलं. हसता हसता अक्का हळूहळू खाली आल्या.

कासवाने मान वळवून दोघांकडे पाहिलं आणि ते आपल्या वाटेने गेलं.

वर आल्यावर, बोटीत, हेरंबरावांनी मान खाली घातली.

"अक्का... चुकलो. तुमचा पाय ओढला मी."

अक्का पंचाने कान पुसत होत्या.

"रोज नुसतं बोट लावून जातोस," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा नीट धरलास."

हेरंबरावांनी मिशा पुसल्या. मग राहवलं नाही.

"पण तुम्ही? तुम्ही श्वास धरलात?"

"धरला."

"इतकं सगळं शिकवून? तुम्हीसुद्धा?"

"कासव फार छान होतं रे."

शर्वरी तोंड फिरवून दोर गुंडाळू लागली. पाठ हलत होती.

बोट बेटाकडे निघाली. वारा सुटला. वर्गाबद्दल विचारायचं नाही, असं हेरंबरावांनी मनाशी ठरवलं होतं. देवाची शपथ घेऊन ठरवलं होतं. धक्का दिसायला लागला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलंच.

"मग अक्का... त्या वर्गाचं..."

"घरी गेल्यावर तू घ्यायला लाग."

हेरंबरावांनी ऐकलं. डोळे मोठे झाले. छाती भरत गेली, भरत गेली. गाल वर चढले. मान ताठ झाली.

शर्वरीचा हात आपसूक त्यांच्या पायाकडे गेला.

अक्कांनी पंचा पिळला. झटकला. नीट घडी घातली.

"आणि माझी चटई तुझ्या अगदी पायाशी टाक, हेरंबा."