सगळं जसंच्या तसं

"मग अप्पा, मान मोठा का नातं मोठं?"

मन्मथनं प्रश्न टाकला आणि उत्तराची वाट न बघता खिशातला फोन काढून शर्टाच्या बाहीला पुसला.

अप्पा मठाच्या ओसरीवर विभूतीच्या वड्या वळत बसले होते. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे. त्यांनी मान वर केली नाही.

"मोबाइल नवा दिसलालाय," ते म्हणाले.

एवढं पुरलं. मन्मथ जागेवर सरसावून बसला.

मन्मथचं तालुक्याला फरशीचं दुकान आहे. दर सोमवारी तो मोटारसायकलवर मठात येतो, कपाळाला विभूती लावून घेतो, अप्पांना एखादा अवघड प्रश्न विचारतो आणि आलेल्या वाटेनं परत जातो. मठाच्या पुढं ओढा आहे. ओढा ओलांडला की त्याचं गाव. गावातलं पहिलं घर त्याचा थोरला भाऊ वैजनाथ याचं. दिवाळीपासून मन्मथनं ओढा ओलांडला नव्हता.

आज त्या घरापुढं मांडव उभा होता. तो ओसरीवरून स्वच्छ दिसत होता. म्हणून मन्मथ त्याच्याकडं पाठ करून बसला होता.

"पंधरवडा झाला घेऊन," तो फोन उलटासुलटा करत म्हणाला. "अंधारात फोटो काढतो, अप्पा. दिवा लावायची गरज न्हाई. आपण बोललेलं आपोआप लिहितो. दिवसभरात किती पावलं चाललो तेही सांगतो."

"तू चालतोस?"

"न्हाई तसा… पण चाललो तर सांगंल की."

अप्पांनी एक वडी वळून फळीवर ठेवली.

"त्रास काय?"

त्रास विचारल्यावर मन्मथ आणखी खुलला. नव्या वस्तूचं कौतुक माणूस एकदाच करतो, तक्रार मात्र मायेनं, पुन्हा पुन्हा करतो. डबीत चार्जरच नाही, तो वेगळा घ्यावा लागला. अंगानं इतका गुळगुळीत की हातात ठरत नाही, म्हणून जाडजूड कव्हर घातलं, तर आता खिशात मावत नाही. नाकापेक्षा मोती जड! आणि आलेला साधा फोन उचलायचा तर नुसतं दाबून चालत नाही, बोट खालून वर ओढावं लागतं. पहिल्या आठवड्यात निम्मे फोन घेता घेता तुटले.

"आणि तोंड बघून उघडतो, अप्पा. पण सोमवारी उघडत न्हाई."

"का?"

मन्मथनं कपाळाकडं बोट दाखवलं. तीन पांढरे पट्टे होते.

"ही लावली की मला ओळखत न्हाई."

अप्पा पहिल्यांदा हसले. हसताना त्यांचा आवाज होत नसे, फक्त खांदे हलत.

"एक मात्र मानलं," मन्मथ म्हणाला. "जुन्या फोनातलं कसं यायचं याची मला धास्ती होती. सगळी गिऱ्हाइकं, सगळे नंबर, बापूंचे फोटो… पण दुकानदारानं दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले आणि चहा होईस्तोवर सगळं जसंच्या तसं इकडं आलं. एक कणसुद्धा मागं राहिला न्हाई."

"आणि जुना?"

"दुकानदारालाच देऊन टाकला."

अप्पांनी पुढची वडी हातात घेतली. बराच वेळ ती वळली. ओढ्यापलीकडून मांडवातल्या बायकांचं बोलणं, मध्येच एखादं भांडं पडल्याचा आवाज ऐकू येत होता.

"परवा का लग्न?" अप्पांनी विचारलं.

"परवा," मन्मथ म्हणाला.

…

"अक्कूचं," मन्मथच पुढं म्हणाला.

अक्कू ही वैजनाथची लेक. खरं नाव ऐश्वर्या, पण त्या नावानं तिला शाळेशिवाय कुणी हाक मारली नाही. मन्मथला स्वतःचं लेकरू नाही. अक्कू त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली. तिला सायकल त्यानं शिकवली आणि ती पडून हनुवटी फुटली तेव्हा तिच्याहून जास्त तोच रडला. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, अप्पांनाही.

"मला पत्रिका न्हाई, अप्पा. अक्षता न्हाईत. तेही असू द्या, साधा एक फोन न्हाई त्या माणसाचा. म्हणून विचारलालो, मान मोठा का नातं मोठं? उद्या मी हैदराबादला माल बघायला निघालोय. दोन दिवस तिकडंच राहतो. तालुक्याला घरात बसलो तर येणारा-जाणारा विचारंल, काका असून इथं कसा. काय सांगू मी? बोलावलं न्हाई म्हणून सांगू?"

त्यानं उगाच फोनची काच पुन्हा पुसली.

"भांडण कशावरनं झालं होतं?" अप्पांना ते माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं.

"बापूंच्या समाधीवरनं. मी ग्रॅनाइट घेऊन गेलतो. दुकानातला सगळ्यात चांगला. आपल्या बापाला आपण साधी फरशी घालावी का? तर हा चार माणसांत म्हणला, बापूंना मातीच बरी वाटती, तुझं दुकान घरी ठिवून ये…" मन्मथ थांबला. "दुकान घरी ठिवून ये, म्हणला. बापाच्या समाधीवर."

"मग?"

"मग काय. त्याच दिवशी त्याला फोनात ब्लॉक केलं. खोटं कशाला बोलू."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यानं फोन केला तरी माझ्याकडं वाजायचा न्हाई. त्याला वाटावं, मी उचलंना."

"मग तो फोन कसा करणार?"

"ते ब्लॉक जुन्या फोनात होतं ना, अप्पा!" मन्मथला शिष्याला शिकवावं तसा हुरूप आला. "अक्कूचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. म्हणलं, आता फोन येणारच. पण मी आपण होऊन ते काढायचं म्हणजे मी नमलो की. म्हणून नवा फोन घेतला. नंबर तोच, फोन नवा. वाट मोकळी झाली आणि नमायचंही वाचलं. पण बघा, पंधरवडा झाला… वाजंना."

माणूस वाकायला लागू नये म्हणून काय काय विकत घेतो! अप्पांनी हातातली वडी फळीवर ठेवली, तिच्याकडं पाहिलं, परत उचलली.

"त्या दुकानदारानं काय काय आणलं म्हणालास?"

"सांगितलं की. सगळं जसंच्या…"

मन्मथ तिथंच थांबला.

…

त्यानं फोन तोंडासमोर धरला. फोननं त्याला ओळखलं नाही. पुन्हा धरला. मग अंगठ्यानं आकडे दाबून उघडला. आत कुठं जायचं ते त्याला सापडेना. एकदा चुकला, दोनदा चुकला. अप्पा वड्या वळत राहिले.

मग सापडलं.

ब्लॉक केलेल्यांच्या त्या यादीत एकच नाव होतं. नावाखाली न वाजलेले फोन एकाखाली एक लागले होते. मन्मथ बोटानं यादी वर सरकवत गेला. ती संपेना.

"रोज केलाय," तो म्हणाला. "रोज दुपारी बाराला… अप्पा, रोज."

वैजनाथ रोज बाराला शेतातून येतो, हातपाय धुतो आणि जेवायला बसतो. बापूही तसंच करत. मन्मथला ते सांगायला कुणी नको होतं.

आजचा तेवढा फोन यादीत नव्हता. बारा अजून वाजायचे होते.

"कुणी केलाय?" अप्पांनी विचारलं.

"त्यानं."

"त्यानं म्हणजे कुणी? तिथं नाव काय लिहिलंयस?"

मन्मथ काचेकडं बघत राहिला.

"दादा," तो म्हणाला.

अप्पांचे हात थांबले.

"बदललं न्हाईस?"

"ते बदलायचं… सुचलंच न्हाई."

मन्मथनं अंगठा पुढं केला. फोननं विचारलं, ब्लॉक नक्की काढायचं ना? ही एक त्याची खोड, ज्याला त्याला नक्की का म्हणून विचारतो. मन्मथनं मान खाली घातली आणि दाबलं. ज्यासाठी नवा फोन घेतला होता ते एका अंगठ्याचं काम निघालं. नमणंही काही फार खाली नव्हतं.

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि पितळी वाटी घेऊन बाहेर आले. वाटीत हळदीच्या अक्षता होत्या.

"वैजनाथ परवा रात्री ठिवून गेला. म्हणला, तो सोमवारी येतोच तुमच्याकडं. मी म्हणलं, माझ्या फोनवरनं लाव की त्याला. तर न्हाई म्हणला. चोरून कशाला बोलू, म्हणला, माझं नाव बघून उचलला तर बोलंन."

"मग तुम्ही मगाशीच का दिल्या न्हाईत?"

"त्यानं सांगितलंतं. तो मला अजून दादा म्हणतो का बघा. म्हणला तर द्या."

मन्मथचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत. मघापासून तो ज्याला 'तो माणूस' म्हणत होता, त्यानं मागितलं होतं ते एवढंच.

"हात पुढं कर."

मन्मथनं फोन ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. अप्पांनी वाटी उपडी केली. ओंजळ भरली.

"आता लगेच लावतो त्याला फोन," मन्मथ म्हणाला.

"कुठल्या हातानं?"

मन्मथनं ओंजळीकडं पाहिलं. मग खिशाकडं. आवतनाच्या अक्षता त्या भागात कुणी खिशात घालत नाही आणि खाली तर ठेवतच नाही. उपरण्याच्या पदरात बांधतात. मन्मथच्या अंगावर उपरणं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट होता.

"अप्पा, जरा वाटी…"

अप्पांनी वाटी पाटाखाली सरकवली आणि ते पुन्हा वड्यांपाशी बसले.

मन्मथ ओंजळ सांभाळत उठला. लिंबाखाली मोटारसायकल होती. पायरीशी नाडीचे बूट होते. कट्ट्यावर फोन होता. ओंजळ सोडल्याशिवाय त्यातलं काहीही त्याला घेता येत नव्हतं.

तो वळला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचं तोंड मांडवाकडं झालं.

पायऱ्या उतरून तो ओढ्याच्या वाटेला लागला. वाटेत काटे होते, तापलेले दगड होते. पाय वाकडेतिकडे टाकत, ओंजळ छातीशी धरून तो चालला होता. किती पावलं झाली ते मोजणारा मागं कट्ट्यावर पडला होता.

तो ओढ्याच्या मधोमध पोचला आणि कट्ट्यावरचा फोन वाजला.

अप्पांनी वाकून पाहिलं. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, दादा.

त्यांनी बोट खालून वर ओढलं. काचेवर विभूतीची पांढरी रेघ उमटली. फोन वाजतच राहिला. त्यांनी बोट धोतराला खसखसून पुसलं आणि परत ओढलं.

"मन्मथ?" पलीकडून आवाज आला. मग पुन्हा, घाईघाईनं, "मन्मथ, उचललास का रे? ऐकू येतंय का? अरे, मी…"

अप्पांनी ओढ्याकडं नजर टाकली.

"फोन ठिव, वैजनाथ," ते म्हणाले. "तांब्याभर पाणी घिऊन दारात ये. अनवाणी येलालाय."