राजेसाहेबांचं शेपूट

बोरखिंडीच्या बाजारातल्या भिंतीवर सकाळी कुणीतरी कोळशानं लिहिलं: ‘राजेसाहेब गायला बसले की म्हशी पान्हा चोरतात.’

भिंत सगळ्यांची होती. ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहावं, खाली दुसऱ्यानं उत्तर द्यावं, अशी खुद्द राजे हैबतरावांचीच आज्ञा होती. ती देताना त्यांना वाटलं होतं, लोक आपलं कौतुक लिहितील. मोठ्या माणसांना असं वाटतंच!

राजेसाहेब संतापले. भिंत सारवणाऱ्या येसूला बोलावून त्यांनी ती ओळ पुसायला सांगितली. खालच्या उत्तरांचं काय करू, असं तिनं विचारलं.

“ती राहू देत,” राजे रुबाबात म्हणाले. “आमच्या राज्यात बोलायला बंदी नाही.”

येसूनं हुकमाप्रमाणे तेवढीच ओळ पुसली. आता वर कोरी जागा आणि खाली नुसती उत्तरं उरली: ‘अगदी खरं, राजेसाहेबांचं हे दुखणं जुनंच आहे.’ ‘माझ्या सासूनं स्वतः पाहिलंय.’ ‘वेळीच वैद्याला दाखवलं तर बरं होतं.’

कोऱ्या जागेपुढं ही गर्दी लोटली! ज्यांनी मूळ ओळ वाचली होती ते शपथेवर सांगत होते की ती म्हशींबद्दल होती. पण विश्वास कोण ठेवणार? एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी पुसेल होय? अफवांची सुरुवात खरजेपासून झाली आणि दिवस मावळेपर्यंत राजेसाहेबांना शेपूट फुटलं. दुसऱ्या सकाळी सोनार शेपटाच्या दागिन्यासाठी माप घ्यायला हजर झाला. शेजारच्या राजानं मखमली पिशवी पाठवली, थंडीचे दिवस आहेत, झाकून ठेवावं म्हणून. मग दिवाणजींनी शहाणपणा करून दवंडी पिटवली की महाराजांना शेपूट नाही. ज्या वस्त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनाही ते कळलं.

राजांनी येसूला पुन्हा बोलावलं. “ती कोरी जागाच पुसून टाक! उद्या दुपारपर्यंत. पुसल्याची खूण दिसता कामा नये आणि बाकीच्या एका अक्षराला धक्का लागता कामा नये. नाही जमलं, तर पोराबाळांसकट राज्याबाहेर चालती हो.”

येसू घरी आली. कोऱ्या जागेवर माती लिंपावी तर ती आणखीच कोरी होणार. राज्याबाहेर तिचं ओळखीचं कुणी नव्हतं. बिचारी पोरांकडं बघत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा बाजार भिंतीपुढं जमला. येसू आली ती सारवणाची पाटी न घेताच. तिनं कोळशाचा एक खडा सरळ राजांपुढं धरला.

“जागा ज्यानं रिकामी केली त्यानंच भरावी, महाराज. होतं तेच लिहा. मग पुसल्याची खूण ऱ्हाईलच कुठं?”

महाराजांनी स्वतःच्या हातानं स्वतःची नालस्ती लिहायची का, म्हणून दिवाणजी तिच्या अंगावर ओरडले.

“मी लिहिलं तर कोण खरं मानंल?” येसू म्हणाली. “लोक म्हनतील, शेपूट झाकायला म्हशी आनल्या. आता दोनच वाटा हाईत, महाराज. म्हशी न्हाईतर शेपूट. कंचं ठेवायचं ते सांगा.”

राजांनी भिंतीकडं पाहिलं, येसूकडं पाहिलं, आणि एकदम असे हसत सुटले की पगडी कानावर आली. खडा घेऊन त्यांनी ती ओळ आपल्या हातानं लिहिली. मग राहवेना, म्हणून खाली उत्तरही दिलं: ‘म्हशींना गाण्यातलं काय कळतं!’

येसूला जरीचं लुगडं मिळालं. शिवाय काय हवं ते माग, असं राजे म्हणाले. तिनं मागितलं ते एवढंच, की यापुढं जो पुसायला सांगेल त्यानं त्या जागी आपलं नाव आणि पुसण्याचं कारण लिहावं. राजांनी तिथल्या तिथं मान्य केलं.

गर्दी पांगल्यावर दिवाणजी हळूच येसूजवळ आले. कोपऱ्यात त्यांच्याबद्दल एक ओळ होती, ती पुसायची होती. येसूनं मुकाट्यानं कोळसा पुढं केला.

दिवाणजींनी तो घेतला. ओळ पुन्हा एकदा नीट वाचली. मग कोळसा परत देत म्हणाले, “राहू दे. अक्षर फार सुरेख आहे.”